हौशी पालकांच्या बाजूने

शहरातल्या सुशिक्षित घरात मुलांच्या वेळापत्रकाला उसंत नसते. सोमवारी तबला, मंगळवारी स्केटिंग, बुधवारी अबॅकस, शनिवारी चित्रकला. या वर्गांच्या फिया भरणाऱ्या, मुलांना सोडायला-आणायला जाणाऱ्या, जिन्याखाली स्कूटर लावून तासभर फोन बघत थांबणाऱ्या आई-बाबांना मात्र ‘तुम्हाला काय आवडतं?’ असं विचारलं, तर बहुतेकांना पटकन उत्तर सुचत नाही. पूर्वी आवडायचं, असं ते सांगतात. कॉलेजात असताना एकांकिका केल्या होत्या, गड चढले होते, कुठल्याशा मोर्चासाठी रात्रभर जागून फलक रंगवले होते. मग नोकरी आली, घराचे हप्ते आले, मुलं झाली. आता वेळ कुठे मिळतो?

तो वेळ काढला पाहिजे आणि मुलांच्या देखत काढला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. पालकांनी सिनेमा, नाटक, गाणी, क्रिकेट यांवर जीव टाकावा आणि तितक्याच पोटतिडकीने एखादं सार्वजनिक काम धरावं: टेकडी, नदी, रक्तदान, जातिअंत, स्त्रियांचे हक्क, जे आपल्याला जवळचं वाटेल ते. आपण या दोन गोष्टींचे दोन कप्पे केलेत, एक करमणुकीचा आणि दुसरा समाजसेवेचा. मला त्या एकाच मुळातून फुटलेल्या वाटतात. आपलं घर, आपला पगार आणि आपल्या मुलाचे मार्क यांच्या पलीकडे जे आहे त्यात मन गुंतवण्याची सवय, हे ते मूळ. कुठलाही क्लास लावून ही सवय येत नाही. घरात ती कुणाला तरी असावी लागते आणि मुलांना ती रोज दिसावी लागते.

महाराष्ट्रात हे कप्पे पूर्वी नव्हते. १९४१ साली राष्ट्र सेवा दल सुरू झालं आणि त्याचं कलापथक गावोगाव गाणी, पोवाडे, लोकनाट्यं घेऊन फिरलं. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य सेवा दलासाठीच लिहिलं. निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर ही मंडळी याच मुशीतून आली आणि स्मिता पाटीलही सेवा दलात वाढली. इकडे मुंबईत १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावातल्या चाळींसमोर जे गायलं गेलं, ते पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज झालं. ऐकायला जमलेल्या बायाबापड्या कडेवर पोरं घेऊन आलेल्या असत. त्या पोरांना गाण्याचा ठेका आणि मागणीचा अर्थ एकाच वेळी कळत होता.

नंतरच्या काळातही हा धागा टिकून होता. सामाजिक कार्यकर्त्यांच्या पाठीशी समाजाने उभं राहावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी जमवायचा ठरलं, तेव्हा डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या नटांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग महाराष्ट्रभर केले. ज्यांनी तिकीट काढलं ते पोट धरून हसले आणि त्या हसण्याचे पैसे कामाला लागले. त्या प्रेक्षकांतल्या कुणाला आपण समाजसेवा करतोय असं वाटलं नसेल. नाटक बघायला गेले आणि नाटकाने त्यांना एका मोठ्या गोष्टीत सामील करून घेतलं.

मग हा धागा विरला कसा? माझ्या समजुतीप्रमाणे नव्वदच्या दशकात दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. केबल टीव्ही घरात आला आणि करमणूक दिवाणखान्यात बंद झाली. शेजाऱ्यांबरोबर, अनोळखी लोकांबरोबर मिळून बघण्या-ऐकण्याचं प्रमाण घटलं. दुसरीकडे सामाजिक काम हळूहळू संस्थांचं झालं. निधी, प्रकल्प, अहवाल आणि पगारी कर्मचारी आले. हे वाईट झालं असं नाही, कारण अनेक कामं त्याशिवाय उभीच राहिली नसती. पण सामान्य माणसाच्या वाट्याला देणगीची पावती तेवढी उरली. शाळेनेही समाजसेवेला प्रकल्पवहीत बसवलं. ‘पाणी वाचवा’चा तक्ता आदल्या रात्री आई जागून पूर्ण करते आणि मुलाला त्याचे दहापैकी नऊ मार्क मिळतात. त्या घरात पाण्यावर बोलणं मात्र होत नाही.

या कप्पेबंदीला न जुमानणारा एक शहरी पालक आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. अनिल अवचटांनी डॉक्टरकीची पदवी घेऊन प्रॅक्टिस सोडली आणि हमाल, विणकर, देवदासी यांच्याविषयी लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या, तेव्हा घर आणि दोन मुली यांचं बघणं अवचटांकडे होतं. त्याच घरात ओरिगामी होती, लाकडातली शिल्पं होती, बासरी होती, स्वयंपाकाचे प्रयोग होते. ‘छंदांविषयी’ असं स्वतंत्र पुस्तकच त्यांनी लिहिलं. गर्दच्या व्यसनावर त्यांनी लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. आज ते केंद्र मुक्ता पुणतांबेकर, म्हणजे अवचटांची मुलगी चालवते.

मुलीने वडिलांचं काम पुढे नेलं, एवढ्यापुरतं हे उदाहरण मी देत नाही. मुलांनी आपलाच वसा चालवावा ही अपेक्षा मला योग्यही वाटत नाही. मला यात दिसतो तो घराचा पोत. ज्या हातांनी कागदाचा मोर घडतो, तेच हात हमालाच्या कहाणीची टिपणं काढतात, तेच हात पोळ्या लाटतात. अशा घरातल्या मुलाला कला, काम आणि करुणा यांच्यात भिंत असते हे कुणी सांगितलं तरी पटणार नाही.

आता रोजच्या, साध्या उदाहरणाकडे येते. मला क्रिकेटचं वेड आहे. ३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या आणि जेमिमा रॉड्रिग्ज खेळत होती. माझी चौदा वर्षांची मुलगी अभ्यास बाजूला ठेवून शेजारी येऊन बसली. जेमिमा १२७ धावांवर नाबाद राहिली, आपण जिंकलो आणि घरात एकच गिल्ला झाला. नंतर जेमिमा माध्यमांसमोर रडत रडत म्हणाली, की या स्पर्धेच्या काळात चिंतेने तिला घेरलं होतं आणि ती जवळजवळ रोज रडत होती. माझी मुलगी ते टक लावून ऐकत होती. चिंता, रडू, मदत मागणं यावर मी तिला वर्षभर जे सांगू बघत होते, ते तिच्यापर्यंत त्या पाच मिनिटांत पोहोचलं.

मग तिने विचारलं, “आई, तुमच्या शाळेत मुलींची टीम होती?”

“नव्हती.”

“का?”

या ‘का’ला उत्तर देताना बराच इतिहास सांगावा लागला. महिला क्रिकेट २००६ पर्यंत बीसीसीआयच्या छत्राखाली नव्हतं. सामन्याचं मानधन पुरुषांइतकं करण्याचा निर्णय व्हायला २०२२ साल उजाडलं आणि महिलांची प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली. हे ऐकून ती म्हणाली, की आपल्या सोसायटीच्या मैदानात संध्याकाळी कधी मुली दिसतात का? दिसत नव्हत्या. कुणी मनाई केली नव्हती, पण जागा मुलांनी धरलेली असायची आणि मुली कठड्यावर बसून गप्पा मारायच्या. तो विषय तिने आणि तिच्या मैत्रिणींनी सोसायटीच्या बैठकीत मांडला. आठवड्यातले दोन दिवस मुलींचे ठरले. एका सामन्याच्या वेडातून सुरू झालेलं बोलणं बैठकीच्या इतिवृत्तापर्यंत गेलं. समतेवरचा धडा वाचून ते तिथवर गेलं असतं, असं मला वाटत नाही.

लोकप्रिय कलेची ताकद इथेच आहे. ती अवघड विषय घरात आणते आणि त्यावर बोलायला सगळ्यांना सारखं भांडवल देते. २०१६ साली ‘सैराट’ आला तेव्हा लाखो कुटुंबं गाण्यांच्या ओढीने थिएटरात गेली. लहान पोरं ‘झिंगाट’वर खुर्च्यांमध्ये नाचली आणि शेवटच्या दृश्यानंतर तीच कुटुंबं एकमेकांशी न बोलता बाहेर पडली. ज्या घरांत जातीचा विषय ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ या वाक्यावर संपायचा, तिथे मुलांनी विचारलं, की मग ताईने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं तर चालेल का? काही घरांनी त्या प्रश्नाला उत्तर दिलं, अनेकांनी विषय बदलला. पण प्रश्न विचारला गेला. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी जे काम केलं त्याचा दुसरा अर्धा भाग प्रेक्षक असलेल्या आई-बाबांनी घरी जाऊन करायचा होता.

सामाजिक कामाचीही एक हौस असते, आणि तिला हौस म्हणण्यात मला कमीपणा वाटत नाही. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर घेऊन जातो. हाजी अली, जुहू, गिरगाव अशा ठिकाणी खडक उघडे पडतात आणि त्यांच्यातल्या डबक्यांत समुद्र थोडा मागे राहतो. तिथे गुडघे टेकून बसायचं आणि हालचाल न करता बघायचं. आधी नुसती वाळू आणि शेवाळ दिसतं. थोड्या वेळाने एक शंख चालू लागतो आणि कळतं, की रिकाम्या शंखात एका खेकड्याने बिऱ्हाड थाटलंय. खडकाच्या कडेला समुद्रफूल असतं. पाण्यात हललं काही, की ते पाकळ्या मिटून घेतं. पलीकडे एखादी कोळीण हातातल्या लोखंडी आकड्याने खडकावरची कालवं फोडत बसलेली असते. डोळे खाली, हात चालू. मुलं तिच्याभोवती गोळा होतात आणि ती मान वर न करता त्यांना कालव कसं ओळखायचं ते सांगते.

जे मूल असं एकदा बसलं, त्याच्यासाठी समुद्र म्हणजे चौपाटीवरची भेळ एवढाच राहत नाही. सागरी किनारा मार्गासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ दुसरीकडे हलवले गेले, ही बातमी त्याच्यासाठी पाहिलेल्या जागेची बातमी होते. त्या कोळिणीचं पोट कशावर चालतं, हेही त्याने पाहिलेलं असतं. आस्था आधी डोळ्यांत येते आणि नंतर भाषणात. आपण बहुतेक वेळा उलट क्रमाने जातो. मुलांना पर्यावरणावर बोलायला लावतो आणि पर्यावरणातलं काही दाखवायचं राहून जातं.

या वाटेवर हारही येते आणि तीही मुलांच्या देखत पचवावी लागते. आरेचं उदाहरण घ्या. मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडण्याविरुद्ध मुंबईतली कितीतरी कुटुंबं रविवारी मुलांना घेऊन तिथे जात होती. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला तोवर दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. पुढे कारशेड तिथेच झालं. आज आरे ते कफ परेड ही ३३ किलोमीटरहून लांब मेट्रो धावते आणि त्या आंदोलनात गेलेले पालक मुलांना घेऊन तिच्यातून प्रवास करतात.

यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. शहराला मेट्रो हवीच होती. लोकलला लोंबकळून जीव धोक्यात घालणाऱ्यांना तर ती फार पूर्वीच मिळायला हवी होती. प्रश्न कारशेडच्या जागेचा होता, निर्णय कसा घेतला गेला याचा होता, रात्रीच्या घाईचा होता. हे सगळं मुलाला सांगता येतं. आपण मागितलं ते मिळालं नाही, समोरच्या बाजूचीही काही गरज खरी होती, आणि तरीही विचारणं आपलं काम होतं, एवढी गुंतागुंत दहा वर्षांच्या मुलाला समजते. लोकशाहीचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. शाळेतल्या गोष्टींत भला माणूस शेवटी जिंकतोच. ज्याने आपल्या आईला हरताना आणि पुढच्या रविवारी पुन्हा बाहेर पडताना पाहिलं, त्याला पहिल्या अपयशाने नागरिकत्वाचा कंटाळा येणार नाही.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की हे सगळं पोट भरलेल्यांचं आहे. दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईने ओहोटीची वेळ बघायची की रेशनची रांग? पण अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगरच्या वस्तीत राहत होते आणि त्यांचे श्रोते गिरणी कामगार होते. आजही १४ एप्रिलला वस्त्यावस्त्यांतून भीमगीतं घुमतात आणि वामनदादा कर्डकांची परंपरा नव्या गायकांच्या गळ्यातून चालू राहते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आई-बाप मुलांना खांद्यावर घेऊन येतात, रात्र मैदानात काढतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं असतात. तिथे गाणं आणि चळवळ यांची फारकत कधी झालीच नाही. करमणूक आणि कर्तव्य वेगळे करण्याची चैन ज्यांना परवडली, ती मध्यमवर्गातली आपणच माणसं. तेव्हा या बाबतीत शिकायचं असेल तर आपल्याला त्या मैदानाकडे बघून शिकता येईल.

दुसरा आक्षेप घरातला आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाबा रविवारी पहाटे किनारा स्वच्छ करायला जातात. परत येतात तेव्हा गरम पोहे तयार असतात. ते पोहे कुणी केले? पुरुषांच्या छंदांचं आणि समाजकार्याचं कौतुक करताना त्यांच्या बायकांनी सांभाळलेल्या घराची नोंद आपल्या चरित्रग्रंथांनी फारशी घेतली नाही. मुलं मात्र ती घेतात. आईला स्वतःचं वेड जपायला वेळ मिळत नसेल, तर बाबांच्या समाजसेवेतून मुलगा एवढंच शिकेल, की मोठी कामं पुरुषांची आणि ओटा बायकांचा. म्हणून कामाची वाटणी हा या हौसेचाच भाग आहे. एका रविवारी बाबांनी किनाऱ्यावर जावं, पुढच्या रविवारी आईने नाटकाच्या तालमीला जावं आणि त्या दिवशी पोहे बाबांनी करावेत. हे जमत नसेल, तर आधी या घरातल्या प्रश्नापासून सुरुवात करावी.

तिसरा आक्षेप लादण्याचा. मोर्चात मुलाच्या हातात फलक द्यायचा, फोटो काढायचा आणि तो सगळ्यांना पाठवायचा, हा प्रकार मलाही टोचतो. मुलाला ‘मला नाही यायचं’ म्हणायचा हक्क हवा आणि त्यावर रुसवा असता कामा नये. त्याचा चेहरा आपल्या मतांचं बोधचिन्ह नाही. पालकाने आपलं वेड आपल्यासाठी जगावं. दार उघडं ठेवावं, आत ओढू नये. माझी मुलगी ओहोटीच्या सहलीला दोनदा आली आणि नंतर कंटाळली. मी अजूनही जाते. ती विचारते, आज काय दिसलं? माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

चौथी भीती आंधळेपणाची. आवडीचा चाहता होतो, चाहत्याचा भक्त होतो आणि भक्त दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो, हे आपण रोज पाहतो. यावर उपाय आवड सोडण्याचा नाही, आवडीबरोबर चिकित्सा ठेवण्याचा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आंतरराष्ट्रीय दर्जाचे कबड्डीपटू होते, आणि १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामातून त्यांनी प्रश्न विचारण्याची सवय गावोगाव नेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. मैदानावरचा जोश आणि विवेक एका माणसात सुखाने नांदू शकतात, याचा हा पुरावा आहे. घरात याची सुरुवात सोपी असते. आपला लाडका नट पानमसाल्याची जाहिरात करतो तेव्हा त्याबद्दल मुलांसमोर स्पष्ट बोलावं. ज्या चळवळीत आपण आहोत तिच्या नेत्याचं चुकलं, तर तेही झाकू नये. प्रेम आहे म्हणून प्रश्न विचारतो, हे मुलांना कळलं पाहिजे.

पालकांच्या हौसेचा खरा कस लागतो तो मुलं स्वतःची वेडं घेऊन येतात तेव्हा. कोरियन गाणी, जपानी ॲनिमे, कुठलीशी स्ट्रीमर. ‘काय ते रडगाणं लावलंय’ असं म्हणणं सोपं असतं. जून २०२० मध्ये बीटीएस या कोरियन गटाने अमेरिकेतल्या ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तेव्हा जगभरच्या त्यांच्या चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढीच रक्कम आणखी गोळा केली. त्या चाहत्यांत शाळकरी पोरं होती. गाण्यापासून माणसापर्यंत जायची वाट या पिढीलाही सापडते, फक्त तिची वळणं वेगळी आहेत. स्वतः कशात तरी रमलेल्या पालकाला हे ओळखता येतं. ज्याला कशाचंच वेड नाही, त्याला मुलाचं प्रत्येक वेड वाया गेलेला वेळ वाटतं.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आम्हाला सवड नाही, असं जे म्हणतात त्यांच्याही हातात रात्री तासभर फोन असतो. त्यातली एक संध्याकाळ आठवड्यातून काढता येते. मात्र ती पायाने, हाताने किंवा पदरमोड करून खर्च व्हायला हवी. संदेश पुढे ढकलण्यात आस्थेचा भास होतो आणि मुलांना तो फरक आपल्याआधी कळतो. सोसायट्यांच्या गणेशोत्सवातही जागा आहे. १८९३ पासून लोकांना एकत्र आणण्यासाठी वाढवलेल्या या उत्सवात दहा संध्याकाळी असतात. त्यातली एखादी मोठ्यांच्या नाटकाची असावी, एखादी वॉर्डातल्या कचऱ्यावर किंवा पाण्यावर नगरसेवकाशी खुल्या बोलण्याची असावी, आणि मुलांनी त्या दोन्ही वेळी प्रेक्षकांत बसावं. नेहमी मुलंच मंचावर आणि आई-बाबा मोबाइल उंच धरून समोर, हे चित्र एकदा तरी उलटं व्हावं.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की शिबिरांची माहितीपत्रकं घराघरांत पोहोचतात आणि मुलाला कशात घालायचं यावर खल सुरू होतो. तो निर्णय चार दिवस लांबला तरी बिघडत नाही. त्याआधी आई-बाबांनी एकमेकांना विचारावं: या दोन महिन्यांत आपण स्वतः कशासाठी घराबाहेर पडणार आहोत? उत्तर मिळालं, की ते मुलाला सांगा आणि ठरल्या दिवशी खरोखर बाहेर पडा.